फायटर माशाच्या शेपटीला उभ्या चिरा पडल्या आहेत: ही जखम आहे की पर कुजत आहेत?

काचघर:

नमस्कार. माझ्याकडे साधारण दीड वर्षापासून लांब शेपटीचा एक निळा नर फायटर (बेटा मासा) आहे. ४५ लिटरच्या टाकीत त्याच्यासोबत छोट्या जातीच्या सहा कोरी (तळाशी राहणारे मिशीवाले मासे) आणि काही गोगलगायी आहेत. टाकीत काही वनस्पती जिवंत आहेत, काही प्लास्टिकच्या आहेत. हीटर २६ अंशांवर लावलेला असतो आणि आतल्या बाजूला बसवलेला एक छोटा फिल्टर चोवीस तास चालू असतो.

चार दिवसांपूर्वी त्याच्या शेपटीच्या पराला एक उभी चीर दिसली. दुसऱ्या दिवशी तशाच आणखी दोन चिरा दिसल्या आणि पाठीवरच्या पराचे टोकही फाटलेले आढळले. आज सकाळी नीट निरखून पाहिले तेव्हा चिरांच्या कडा किंचित पांढुरक्या, दुधी काचेसारख्या वाटल्या, आणि खरी काळजी त्यामुळेच वाटू लागली. मासा अन्न खातो, बोलावल्यासारखा काचेजवळही येतो, पण पूर्वीसारखा पर पसरून फिरत नाही आणि बराच वेळ हीटरच्या आडोशाला थांबून राहतो.

कोरी त्याच्या वाटेला जाताना मी कधीही पाहिलेल्या नाहीत. तरीही रात्री दिवा बंद असताना काय घडते ते मला ठाऊक नाही. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही दुखापत कशामुळे झाली असेल, पांढरी कड म्हणजे पर कुजायला सुरुवात झाली असे समजायचे का, आणि औषध आत्ताच घालावे की थांबावे?

संथपाणी:

नमस्कार. प्रश्न व्यवस्थित मांडला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण नुकसान बहुधा तिथेच होते. आज औषध घालू नका. आधी जखमेचा आकार पाहा आणि पाण्याची चाचणी करा; दोन्ही गोष्टी अर्ध्या तासात होतील आणि तेवढ्या वेळात माशाचे काहीही बिघडणार नाही.

जखमेचा आकार बरेच सांगून जातो. परात ज्या काड्या असतात त्यांच्यामधला पडदा सरळ रेषेत फाटला असेल आणि पराचा कोणताही तुकडा गायब नसेल, तर पर कुठेतरी अडकून फाटला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. कडेला लहान लहान खाचा असतील आणि तुकडे गेलेले असतील, तर दुसऱ्या माशाने कुरतडले असे समजावे. अर्धचंद्राच्या आकाराचा घास काढल्यासारखा तुकडा गेला असेल, तोही एका रात्रीत, तर फायटर स्वतःचीच शेपटी चावत असावा. लांब पर असलेल्या नरांमध्ये हे बऱ्याचदा दिसते, विशेषतः पाण्याचा प्रवाह जोरदार असेल तेव्हा किंवा काचेत त्याला सतत स्वतःचे प्रतिबिंब दिसत असेल तेव्हा. आणि पर कुजत असतील तर कड सरळ राहत नाही. ती झिजल्यासारखी, वेडीवाकडी होते, तिच्यावर पांढरी, काळसर किंवा लाल रेघ येते आणि ती रेघ दिवसागणिक शरीराच्या दिशेने सरकते.

तुमच्या वर्णनावरून मला फाटणे आणि कुजण्याची अगदी सुरुवात अशा दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. तसे होणे स्वाभाविक आहे. एरोमोनास, स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू बहुतेक टाक्यांत कायमच असतात. निरोगी माशाला त्यांचा उपद्रव होत नाही, पण फाटलेली कड आणि बिघडलेले पाणी एकत्र मिळाले की त्यांना वाट मोकळी होते.

आता दोन कामे करा. नायलॉनचा पातळ जुना मोजा घ्या आणि हाताला चढवून टाकीतल्या प्रत्येक प्लास्टिकच्या पानावरून, दगडावरून आणि फिल्टरच्या जाळीवरून हलकेच फिरवा. मोजा जिथे अडकेल तिथे परही अडकतो. दुसरे असे की अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच या चारही चाचण्यांचे आकडे इथे लिहा. शिवाय फिल्टर शेवटचा कधी आणि कसा धुतला, तेही सांगा.

शिंपला:

मी इतकी तपासणी करत बसत नाही. पर फाटलेले किंवा पांढरट दिसले की टाकीत मिथिलीन ब्ल्यू हे निळे औषध घालतो आणि तापमान ३० अंशांपर्यंत वाढवतो. गेल्या काही वर्षांत माझे तीन-चार मासे याच पद्धतीने बरे झाले आहेत. उगाच वाट पाहत बसल्याने रोग पसरतो, असे माझे मत आहे.

संथपाणी:

शिंपला, तुमचे मासे बरे झाले यात शंका नाही; पण फाटलेला पर औषध न घालताही बरा होतो, त्यामुळे श्रेय औषधाचे की पराचे हे ठरवता येत नाही. मुख्य टाकीत मिथिलीन ब्ल्यू घालण्याला माझा स्पष्ट विरोध आहे, कारण अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या, फिल्टरमध्ये वसलेल्या उपयोगी जिवाणूंनाही ते मारते. म्हणजे जखमी माशाला आपण अमोनियाच्या पाण्यात ढकलतो. त्याशिवाय काचेच्या सांध्यांमधला सिलिकॉन कायमचा निळा होतो आणि वनस्पतींना त्रास होतो. वेगळ्या भांड्यात, कापसासारखी बुरशी आलेली असताना, ते उपयोगी पडते हे मला मान्य आहे.

तापमानाबद्दल अधिक सावध राहावे लागते. कॉलम्नॅरिस नावाचा एक जिवाणूजन्य रोग सुरुवातीला अगदी अशाच पांढऱ्या कडेसारखा दिसतो आणि कोमट पाण्यात तो झपाट्याने पसरतो. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायूही कमी होतो. फायटर हवेतून श्वास घेऊ शकतो आणि कोरीही गरज पडल्यास वर येऊन हवा गिळतात, पण त्यांच्यावर हा ताण उगाच कशाला? २६ अंश योग्य आहेत, तेच राहू द्यावेत.

काचघर:

दोघांचेही आभार. मोज्याची युक्ती मी कधीही ऐकली नव्हती. काल रात्री ती करून पाहिली आणि जे दिसले ते जसेच्या तसे लिहिते. दगड, कुंडीचा तुकडा आणि हीटर यांवरून मोजा सहज सरकला. डाव्या कोपऱ्यातल्या लाल प्लास्टिकच्या झाडावर मात्र तो तिसऱ्याच पानाला अडकला आणि सोडवताना त्याचा धागा उसवला. पान बाहेर काढून नखाने चाचपले तेव्हा कडेला साच्यातून राहिलेली करवतीसारखी बारीक दातेरी धार लागली. आणि देठाजवळ, जिथे दोन पाने एकत्र येतात त्या खाचेत, निळ्या पराचा नखाएवढाही नसलेला एक धागा चिकटलेला होता. मला आठवते की हा मासा रोज संध्याकाळी दिवा बंद होण्यापूर्वी त्याच झाडात शिरून बसायचा. झाड मी काढून टाकले आहे.

पाण्याचे आकडे मात्र वाईट आले. अमोनिया ०.५ पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत अर्धा भाग), नायट्राइट ०.२५, नायट्रेट १०, पीएच ७.८. फिल्टरबद्दल विचारलेत तेव्हाच माझ्या लक्षात आले. तीन आठवड्यांपूर्वी मी त्यातला स्पंज नळाच्या धारेखाली, अगदी स्वच्छ पिवळसर रंग दिसेपर्यंत धुतला होता. स्वच्छता म्हणून केलेली गोष्ट इतकी अंगाशी येईल असे वाटले नव्हते.

आता मासा वेगळा ठेवू का? माझ्याकडे १२ लिटरची एक रिकामी काचेची पेटी आहे. मिठाबद्दलही बरेच वाचले, पण कोरींना मीठ चालत नाही असेही वाचले.

संथपाणी:

आता चित्र स्पष्ट झाले. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजमधले जिवाणू मेले, म्हणून अमोनिया साचला, आणि त्याच काळात पर फाटला. स्पंज पुढच्या वेळी टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोन-तीन वेळा पिळावा, एवढेच. तो मळकट दिसला तरी चालतो.

०.५ हा आकडा लहान वाटतो, पण पीएच ७.८ असताना तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. अमोनियाचा जो भाग माशाला खरोखर विषारी असतो त्याचे प्रमाण पीएच एक अंकाने वाढल्यास साधारण दहापट होते. म्हणजे हेच ०.५ पीएच ६.८ ला जितके घातक असते त्यापेक्षा तुमच्या टाकीत कितीतरी अधिक घातक आहे. म्हणून मुख्य टाकीत उद्यापासून रोज ३० टक्के पाणी बदला. नवे पाणी क्लोरीन काढणारे द्रावण घालूनच वापरा. पाणी रात्रभर उघडे ठेवण्याची जुनी पद्धत साध्या क्लोरीनपुरती ठीक आहे; काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात आणि ते उघड्यावर ठेवून जात नाही. नव्या पाण्याचे तापमान टाकीतल्या पाण्यापेक्षा एका अंशाहून अधिक वेगळे असू नये. कोरींना निम्मेच अन्न द्या. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत हे चालू ठेवावे लागेल. जिवाणूंची वसाहत नव्याने उभी राहायला ४ ते ६ आठवडे लागू शकतात. तुमच्याकडे थोडे जिवाणू शिल्लक असावेत म्हणून कदाचित लवकर होईल.

फायटरला वेगळे ठेवणे तुमच्या बाबतीत योग्य आहे, आणि त्याचे मुख्य कारण मीठ हेच आहे. १२ लिटरच्या पेटीत वाळू-खडे काहीही घालू नका. तळ उघडा असला की घाण दिसते आणि काढता येते. हीटर २६ अंशांवर, शक्य असल्यास हवेवर चालणारा छोटा स्पंज फिल्टर आणि तोही अगदी मंद बुडबुड्यांवर, आणि लपायला गुळगुळीत कडांचे एखादे भांडे आडवे ठेवा. पाण्याची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. फायटरला श्वासासाठी वारंवार पृष्ठभागावर यावे लागते, आणि फाटक्या शेपटीने तेवढे अंतर वर-खाली करणे हीदेखील मेहनतच आहे. वर झाकण हवे, नाहीतर तो उडी मारेल.

मिठाचे प्रमाण लिटरमागे १ ग्रॅम ठेवा, म्हणजे पेटीत पूर्ण १२ लिटर पाणी असेल तर १२ ग्रॅम. पाणी कमी भरले तर त्या हिशेबाने कमी. चमच्याने नव्हे, काट्यावर मोजा. साधे, इतर काहीही न मिसळलेले मीठ घ्या, ते आधी एका जगमध्ये पूर्ण विरघळवा आणि तीन-चार तासांत थोडे थोडे करून ओता. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की मीठ उडून जात नाही. पाणी आटल्याने पातळी खाली गेली तर साधे पाणी घाला. आणि ३ लिटर पाणी बदलले तर नव्या ३ लिटरांपुरतेच ३ ग्रॅम मीठ घाला. बहुतेकांची चूक इथेच होते, दर वेळी पुन्हा पूर्ण माप टाकले जाते आणि आठवडाभरात माशाचे लोणचे व्हायची वेळ येते. या पेटीत तयार जिवाणू नाहीत, म्हणून रोज एक चतुर्थांश पाणी बदलणे आवश्यक आहे, आणि अमोनियाची चाचणी इथेही करायची.

मासा हलवताना जाळी वापरू नका. पाण्यात कप बुडवा, त्याला स्वतः आत येऊ द्या. वेळ लागेल, लागू द्या.

पेशीनिरीक्षक:

संथपाणी यांनी व्यवहाराची बाजू सांगितलीच आहे. मीठ का आणि पर कसा भरून येतो, याबद्दल थोडे लिहितो, कारण ते समजले की घाईने काही करण्याचा मोह कमी होतो.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तातले क्षार भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक असतात. त्यामुळे पाणी सतत त्याच्या शरीरात शिरू पाहते आणि क्षार बाहेर जाऊ पाहतात. त्वचा आणि तिच्यावरचा चिकट थर हा त्यातला मोठा अडसर आहे. कातडी फाटली की तो अडसर तिथे तुटतो आणि मूत्रपिंडांना जादा पाणी बाहेर टाकण्याचे काम वाढते. पाण्यात थोडे मीठ असले की आत-बाहेरचा फरक कमी होतो आणि माशाची तेवढी शक्ती वाचते. इतक्या कमी प्रमाणात मीठ जिवाणूंचा नायनाट करते असे मात्र समजू नये.

आता पराबद्दल. पराच्या काड्या म्हणजे हाडाच्या लहान लहान पेरांची मालिका असते, उसाच्या कांड्यासारखी. प्रत्येक काडी दोन पन्हाळीसारख्या अर्ध्या भागांची बनलेली असते आणि त्यांच्या मधून रक्तवाहिन्या व नसा जातात. पर तुटल्यावर साधारण एका दिवसात आजूबाजूची त्वचा सरकून जखम झाकते. त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत प्रत्येक तुटलेल्या काडीच्या टोकाशी, पुन्हा वाढू शकणाऱ्या पेशींचा एक छोटा पुंजका तयार होतो, आणि नवी काडी त्यातून पुढे सरकत जाते. माशाचे पर पुन्हा उगवतात हे १७८६ साली फ्रेंच निसर्ग-अभ्यासक ब्रूसोने यांनी लिहून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस हंट मॉर्गन यांनी दाखवले की पर मुळाच्या जितका जवळ कापला जातो तितका तो वेगाने वाढतो. प्रयोगशाळांत पाळल्या जाणाऱ्या झेब्रा माशाची शेपटी २८ अंशांना साधारण दोन आठवड्यांत परत येते. फायटरची शेपटी कितीतरी लांब आणि घेरदार असते, तेव्हा तिला अनेक आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात.

तुमच्या माशाच्या बाबतीत काड्या तुटलेल्या नसून बहुतांशी त्यांच्यामधला पडदा फाटला आहे असे वर्णनावरून वाटते. हे त्यातल्या त्यात चांगले. वाईट तेव्हा, जेव्हा इजा पराच्या मुळाशी, जिथे काड्या शरीरातल्या हाडांना जोडल्या जातात तिथपर्यंत पोहोचते. तो भाग गेला तर पर पुन्हा येईलच असे नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे आठवड्याभराने घाबरणार नाही. नवा पडदा आधी पारदर्शक येतो, रंगाच्या पेशी मागून येतात. अनेक जण ही नवी कड पाहून पर कुजत आहेत असे समजतात आणि त्याच क्षणी औषध ओततात. फरक ओळखण्यासाठी माशाच्या मागून बारीक विजेरीचा उजेड पाडा. नवी वाढ काचेसारखी स्वच्छ दिसते, तिची कड एकसंध असते आणि नीट पाहिले तर तिच्यात केसासारख्या बारीक काड्या पुढे गेलेल्या दिसतात. कुजणारी कड धुरकट, उसवलेली दिसते आणि तिच्यातून उजेड नीट आरपार जात नाही.

शिंपला:

मुख्य टाकीत औषध घालण्याबद्दलचे म्हणणे मला पटले. माझ्या टाकीचे सांधे निळे का झाले तेही आज कळले. पण मग औषध द्यायचे तरी कधी? सगळेच निसर्गावर सोपवून चालणार नाही.

संथपाणी:

अगदी बरोबर, आणि त्याची सीमारेषा ठरवून ठेवलेली बरी. पांढरी किंवा लाल कड एका दिवसात डोळ्यांना दिसेल इतकी शरीराकडे सरकली, परांत लाल रेघा उमटल्या, कापसासारखे पुंजके आले, पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा दिसला, किंवा माशाने सलग दोन दिवस अन्न नाकारले आणि पर अंगाला चिकटवून तळाशी पडून राहिला, तर वाट पाहू नये. त्या वेळी माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला छायाचित्रे आणि पाण्याचे आकडे दाखवावेत आणि औषध त्यांच्या सल्ल्याने, वेगळ्या पेटीतच, पूर्ण मुदतीपर्यंत द्यावे. प्रतिजैविक अंदाजाने निवडून तीन दिवसांत सोडून देणे हे न देण्यापेक्षा वाईट. आणि फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा असेल तर तो औषधापूर्वी काढावा लागतो, नाहीतर पुष्कळशी औषधे तोच शोषून घेतो.

देशी बदामाच्या वाळलेल्या पानाबद्दलही कोणीतरी विचारेलच, म्हणून लिहून टाकतो. पान पाण्यात ठेवले की टॅनिन उतरते, पाण्याला चहासारखा रंग येतो आणि ते किंचित आम्ल होते. फायटर मुळात अशाच पानांच्या रंगाने गढुळलेल्या, संथ पाण्यातला मासा असल्याने तो तिथे निवांत दिसतो. जिवाणूंना थोडा आळा बसतो असे म्हणतात. मी पान वापरतो, पण ते घातले म्हणून पाणी बदलणे टाळत नाही.

काचघर:

सहावा दिवस. मासा १२ लिटरच्या पेटीत आहे. कपात यायला त्याने चाळीस मिनिटे घेतली, पण जाळी वापरली नाही. पहिले दोन दिवस तो भांड्याच्या आत बसून राहिला, तिसऱ्या दिवसापासून पर थोडे उघडू लागला. दुधी कड वाढलेली नाही. उलट एका चिरेच्या वरच्या टोकाशी दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. रोज सकाळी दिवा लावल्यावर लगेच, एकाच ठिकाणाहून, काचेमागे आलेखाचा कागद चिकटवून छायाचित्र घेते, त्यामुळे वाढ चौकटी मोजून कळते. नुसत्या नजरेवर विश्वास ठेवला असता तर काल रात्री मला कड मागे गेल्याचा भास झाला होता, आणि छायाचित्रात ती जागची हललेली नव्हती.

पेटीत अमोनिया रोज संध्याकाळी शून्य ते ०.२५ च्या दरम्यान असतो. मुख्य टाकीत तो आता ०.२५ वर आला आहे. एक शंका आहे. लवकर भरून यावे म्हणून त्याला अन्न वाढवावे का? त्याचा सुक्या दाण्यांचा डबा मी गेल्या वर्षीपासून वापरते आहे.

पेशीनिरीक्षक:

अन्न वाढवण्यापेक्षा डबा बदला. बहुतेक माशांना क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते, आणि जखम भरताना लागणारे कोलॅजन हे प्रथिन बनवण्यासाठी ते आवश्यक असते. उघडलेल्या डब्यात, हवा आणि दमटपणा लागून, हे जीवनसत्त्व काही महिन्यांत बरेच कमी होते. वर्षभर उघडा असलेला डबा पोट भरतो, त्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग नाही. नवा छोटा डबा घ्या आणि तो थंड, कोरड्या जागी ठेवा. जोडीला गोठवलेले आर्टेमिया किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) मिळाले तर उत्तम. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्या. फायटरचे पोट त्याच्या डोळ्याहून फार मोठे नसते आणि उरलेले अन्न तळाशी कुजून पुन्हा अमोनियाच वाढवते.

काचघर:

एकोणिसावा दिवस. तीनपैकी दोन चिरा पूर्ण मिटल्या आहेत. तिसरीच्या जागी साधारण तीन मिलिमीटर रुंदीची पारदर्शक पट्टी आली आहे. विजेरीच्या उजेडात तिच्यातल्या काड्या मला स्पष्ट दिसल्या, आणि तुम्ही आधी सांगितले नसते तर मी नक्कीच घाबरले असते. पाठीवरच्या पराची एक काडी मात्र टोकाशी वाकडी वाढते आहे, जणू कोणी चिमटीत धरून मुडपली आहे. ती कापून सरळ वाढू द्यावी का? मुख्य टाकीत अमोनिया आणि नायट्राइट गेले पाच दिवस शून्य आहेत. प्लास्टिकच्या झाडाच्या जागी जिवंत वनस्पती लावली आहे आणि फिल्टरच्या तोंडाला बारीक स्पंज बसवला आहे. त्याला परत कधी सोडू?

संथपाणी:

काडी कापू नका. भरताना एखादी काडी वाकडी होणे नेहमीचे आहे, पोहण्यात त्याने अडथळा येत नाही, आणि कापल्यावर ती सरळच येईल याची खात्री कोणीच देऊ शकणार नाही. नवी जखम मात्र नक्की होईल. नव्या भागाचा निळा रंग जुन्याशी तंतोतंत जुळला नाही तरी आश्चर्य वाटून घेऊ नका.

मीठ आता उतरवायला घ्या. यापुढचे पाणी बदलताना नव्या पाण्यात मीठ घालू नका. रोज एक चतुर्थांश बदलल्यास पाच-सहा दिवसांत ते साधारण पाचव्या हिश्श्यावर येईल. तेवढ्यात मुख्य टाकीतले शून्यही दहा दिवसांचे होईल, आणि ते तसेच टिकले तरच सोडा. त्या दिवशी कपातल्या पाण्यात दर दहा मिनिटांनी मुख्य टाकीतले थोडे पाणी मिसळत तासभर घ्या, टाकीचा दिवा बंद ठेवा, आणि सोडताना कपातले पाणी टाकीत ओतू नका. एक फायटर परत आल्याने फिल्टरवरचा भार वाढतो, म्हणून त्यानंतरचा आठवडाभर अमोनियाची चाचणी एक दिवसाआड करावी. आलेखाचा कागद मात्र मुख्य टाकीच्या काचेवर लावू नका; काचेत माशाला स्वतःचे प्रतिबिंब दिसले तर तो दिवसभर त्या प्रतिबिंबाशी भांडत बसेल.

काचघर:

कागद आजच काढते. परवा चुकून तो दुपारपर्यंत राहिला होता आणि हा मासा गालफडे फुगवून कागदासमोर येरझारा घालत होता. मला वाटले होते की त्याला आता बरे वाटते आहे.